झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरचा खेळ : कपडे भिजणे आणि वाळणे खरेखुरे कसे दाखवावे?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघे मिळून कडाक्याच्या थंडीत तग धरण्याचा एक संगणकीय खेळ तयार करत आहोत. तो लडाखमधील झंस्कार नदीवर, जानेवारीच्या अखेरीस घडतो. नदी गोठून तिच्यावर जी वाट तयार होते, जिला सगळे ‘चादर’ म्हणतात, त्या वाटेने खेळाडूला नेरक गावापासून चिलिंगपर्यंत पायी पोहोचायचे असते. खेळात दिवसाचे तापमान उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचे उणे २५ पर्यंत धरले आहे. झोपायला नदीकाठच्या गुहा आणि जळणाला वाहून आलेली लाकडे, एवढाच आधार आहे.

सध्या प्रत्येक कपड्याला आम्ही तीन आकडे दिले आहेत : ऊब, वारा अडवण्याची क्षमता आणि ओल. ओल ५० टक्के झाली की ऊब निम्मी होते, आणि शेकोटीजवळ दोन तास बसले की सगळे कोरडे होते. हिशेब सुटसुटीत आहे, पण खेळून पाहणाऱ्या प्रत्येकाने एकच केले. सुरुवातीलाच जेवढे कपडे होते तेवढे अंगावर चढवले आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावला नाही. पाण्यात पाय गेला तरच ओल महत्त्वाची ठरली, नाहीतर कपडे हा विषयच उरला नाही.

‘द लाँग डार्क’ हा कॅनडाच्या उत्तर भागात घडणारा खेळ आम्ही बारकाईने पाहिला. त्यात अंगावर एकावर एक थर चढवता येतात, कच्च्या बर्फातून खाली गेल्यास कपडे भिजतात आणि बाहेरच्या थंडीत ते गोठतातही. ‘डे झी’मध्ये भिजलेला कपडा पिळता येतो, ही गोष्ट मला फार आवडली. परंतु चढ चढून घाम आला आणि आतला थर भिजला, असे ‘द लाँग डार्क’मध्ये कधी होत नाही, आणि आमच्याही खेळात होत नाही. ही उणीव मला मोठी वाटते. प्रत्यक्षात कपड्यात ओल येते कुठून, जाते कुठे, आणि त्यातले किती खेळात आणणे योग्य ठरेल, हे जाणकारांनी सांगावे.

ताणाबाणा

मी वस्त्रतंत्राचा माणूस आहे आणि धाग्यांच्या चाचण्या हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते बोलतो.

सर्वात आधी ती टक्केवारी काढून टाका आणि प्रत्येक थरात किती ग्रॅम पाणी आहे हे मोजा. टक्केवारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळतात. धाग्याच्या आत मुरलेले पाणी वेगळे आणि धाग्यांच्या मधल्या पोकळीत साचलेले पाणी वेगळे. ऊब कापडात नसते, कापडाने धरून ठेवलेल्या हवेत असते. पाणी उष्णता हवेच्या सुमारे २४ पट सहज वाहून नेते, म्हणून पोकळीतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब जाते. धाग्याच्या आत मुरलेले पाणी मात्र ऊब तितकीशी कमी करत नाही.

लोकर श्रेष्ठ का ठरते, याचे उत्तर इथे आहे. २० अंश तापमानाला आणि ६५ टक्के आर्द्रतेला लोकरीत तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण १४ ते १६ टक्के पाणी मुरलेले असते, सुती कापडात ७ ते ८ टक्के, नायलॉनमध्ये सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अवघे ०.४ टक्के. हवा पूर्ण दमट झाली तर लोकर ३० टक्क्यांपर्यंत पाणी पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. झंस्कारी लोकांचा गोंचा, म्हणजे जाड लोकरी झगा, तीन किलोचा धरला तर जवळजवळ ९०० ग्रॅम पाणी तो गुपचूप सामावून घेऊ शकतो. त्याचे वजन तेवढे वाढेल आणि वाळायलाही तो तितकाच वेळ घेईल, हेही खेळात दिसले पाहिजे. ओली लोकर कोरड्या लोकरीइतकीच उबदार असते हा समज मात्र चुकीचा आहे. तिचा धागा कुरळा आणि ताठ असल्यामुळे भिजल्यावर ती सुती कापडासारखी अंगाला चिकटून चपटी होत नाही, थोडी हवा धरून ठेवते, एवढाच तिचा गुण. पिसांच्या जाकिटाचे याच्या अगदी उलट होते. कोरडे असताना त्याच्याइतके हलके आणि उबदार काही नाही, पण भिजले की पिसांचे गोळे होतात आणि हातात नुसती नायलॉनची पिशवी उरते.

आता वाळण्याचा हिशेब. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. कपड्यांत अर्धा किलो पाणी असेल आणि ते पाच तासांत अंगावरच वाळवायचे असेल, तर १२०० किलोज्यूल, म्हणजे सतत ६७ वॅट खर्च होतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतो. यातला काही भाग आसपासच्या हवेकडून आणि शेकोटीकडून येईल हे खरे, पण शेकोटी नसेल तर ओझे शरीरावरच पडते. म्हणून वाळवण्यासाठी वेळ न मोजता उष्णता मोजा. ती द्यायची कोणी, लाकडांनी की शरीराने, हा निर्णय खेळाडूला घेऊ द्या. पिळून काढलेल्या प्रत्येक ग्रॅमामागे २.४ किलोज्यूल वाचतात, त्यामुळे तुम्हाला आवडलेली पिळण्याची क्रिया शास्त्रालाही धरून आहे.

आणि घाम. कपड्यांची ऊब मोजण्याचे ‘क्लो’ हे एकक आहे. उणे २० अंशांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या कपड्यांतून २५० वॅट बाहेर जात आहेत असे धरून गणित मांडले, तर त्याला अडीच क्लो पुरतात. तोच माणूस बसला आणि १०० वॅटवर आला, तर त्याला सहा क्लो लागतात. याचा अर्थ, बसताना पुरेसे असलेले कपडे घालून जो चालेल तो घामाने भिजणारच. तुमच्या खेळाडूंनी सगळे कपडे चढवले आणि विसरले, कारण जास्त कपडे घालण्याची काहीच किंमत त्यांना मोजावी लागली नाही. ती किंमत घाम आहे.

नदीकाठ

हे वाचून आमच्या आकडेमोडीचा पायाच बदलावा लागेल असे दिसते, आणि त्याचा मला आनंद आहे. एक शंका आहे. घाम आणला तर खेळाडूला हालचालीचीच शिक्षा होते आहे असे वाटणार नाही का? तो धावला की भिजणार, थांबला की गारठणार, मग त्याने करायचे तरी काय? प्रत्यक्ष चादरवर चाललेले कोणी असेल तर तिथले लोक काय करतात हे ऐकायला आवडेल.

भोजपत्र

मी पुण्याहून गट घेऊन दोनदा चादरवर गेलो आहे. तुमच्या शंकेचे उत्तर आमच्यासोबतच्या झंस्कारी मंडळींच्या चालण्यात होते, पण ते मला दुसऱ्या खेपेला समजले.

पहिल्या खेपेला आम्ही सकाळी थंडी वाजते म्हणून सगळे कपडे घालून निघायचो, तासाभरात पाठ भिजायची, आणि चहासाठी थांबलो की दहा मिनिटांत दात वाजू लागायचे. ते लोक निघताना थोडे काकडतच निघायचे. त्यांची चाल एकसारखी, संथ असायची. दरडीवरून वळसा घेऊन वर चढायची वेळ आली, की चढ सुरू होण्याआधीच गोंच्याचा गळा मोकळा करायचे, आणि थांबले की आधी अंग झाकून घेऊन मगच पाठीवरचे ओझे उतरवायचे. तुमच्या खेळातल्या चालीला दोनच वेग असतील, चालणे आणि धावणे, तर हे जमणार नाही. घाम येऊ न देणारी एक मधली चाल द्या. गळा उघडणे, कानटोपी काढणे, हातमोजे काढून कमरेला लावणे, या क्रिया एका कळीवर ठेवा. खेळाडूला करण्यासारखे काम हेच आहे, आणि दिवसभरात ते पंचवीस वेळा करावे लागते.

पायांचे प्रकरण स्वतंत्र आहे. चादरवर पाण्यात पडण्यापेक्षा बर्फावरून वाहणाऱ्या पाण्यातून जावे लागणे अधिक घडते. खालचा प्रवाह कुठेतरी अडतो, पाणी बर्फावर चढते आणि घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत त्यातून चालावे लागते. म्हणून तिथे रबरी गमबूट घालतात. गमबूट बाहेरचे पाणी येऊ देत नाही, पण आतला घामही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे संध्याकाळी पायमोजे ओले निघतातच. आणि पाणी एकदा वरून आत शिरले, की तोच बूट पाण्याने भरलेले भांडे होतो. तो काढून ओतणे, मोजे पिळणे, कोरडे मोजे चढवणे हे उघड्यावर, उणे दहा अंशांत, बधिर बोटांनी करावे लागते. चामड्याचे बूट ओले राहिले तर रात्रीतून दगडासारखे होतात आणि सकाळी पाय आत जात नाही. ते आगीला फार जवळ लावले तर चामडे आक्रसते आणि तडकते. माझ्या बुटांचा एक जोड पहिल्या खेपेला असाच गेला. ओले मोजे आम्ही रात्री झोपण्याच्या पिशवीत पोटाशी धरून वाळवत असू. सकाळी ते वाळलेले असत, पण रात्रभर हुडहुडी भरे. ताणाबाणा यांनी सांगितलेले ते वॅट कुठून येतात हे तेव्हा अंगावर कळत होते.

झंस्कार हा कोरडा प्रदेश आहे, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नदीची उंची तीन हजार मीटरच्या वर असल्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. दुपारचे ऊन जिथे घळीत पोहोचते तिथे दगडावर पसरलेला मोजा थंडी असूनही भराभर सुकतो. ऊन मात्र तासा-दोन तासांपुरते असते. त्या वेळेत चालायचे की मोजे वाळवायचे, हा प्रश्न आम्हाला रोज पडायचा.

उत्तररेषा

माझे गेले अकरा हिवाळे कॅनडातील विनिपेगमध्ये गेले आहेत आणि थंडीचे शरीरशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण सगळ्यांनी गृहीत धरलेल्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. तापमान जितके खाली तितकी ओल जास्त घातक, असे या प्रकारच्या खेळांत सहसा मानले जाते. प्रत्यक्षात कपडे भिजण्याच्या दृष्टीने सर्वात वाईट हवामान शून्य अंशाच्या आसपासचे असते.

उणे २० अंशांत पडणारा बर्फ कोरडा असतो. अंगावर पडला तरी झटकता येतो, आणि तो न झटकता गुहेत आगीपुढे बसलात तरच भिजवतो. अधिक एक अंशाला पडणारा ओला बर्फ किंवा पाऊस थेट कापडात मुरतो, त्यात वारा असला की संपलेच. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधील ‘फोर इन्स’ या चालण्याच्या स्पर्धेत तीन तरुण स्काउट पावसावाऱ्यात गारठून मृत्युमुखी पडले. तिथे ध्रुवीय थंडी नव्हती. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या दुर्घटनेचा अभ्यास केला आणि ओल, वारा व थकवा एकत्र आले की कपड्यांची बहुतेक ऊब नाहीशी होते हे दाखवून दिले. थकवा विसरू नका. दमलेला माणूस हळू चालतो, हळू चालणारा कमी उष्णता निर्माण करतो, आणि चालताना पुरणारा ओला कपडा त्याला पुरेनासा होतो. तुमच्या खेळात एक दिवस ढगाळ, तुलनेने उबदार आणि हिमवर्षावाचा ठेवा, आणि तोच सर्वात कठीण असू द्या.

वाऱ्याचा परिणाम दाखवण्यासाठी अनेक जण वातशैत्याचे, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त भासते याचे, सूत्र सरसकट वापरतात. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा उणे २० सारखा भासतो. पण ते सूत्र उघड्या, कोरड्या चेहऱ्यासाठी आहे. कापडातून आत शिरणारा वारा आणि ओल्या कापडावरून होणारे बाष्पीभवन त्यात नाही. हिमदंशाचा धोका चेहऱ्यापुरता त्यावरून काढा, कपड्यांना ते लावू नका.

आता गोठण्याबद्दल. त्वचा ३३ अंशांवर आणि बाहेरची हवा उणे २५ वर असेल, आणि कपड्यांची जाडी सगळीकडे सारखी ऊब धरत असेल, तर शून्य अंशाची रेषा त्वचेपासून साधारण ५७ टक्के जाडीवर, म्हणजे कपड्यांच्या आतच पडते. घामाची वाफ बाहेर जाता जाता त्या रेषेपलीकडे हिमकण होऊन बसते. १९११ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकातील केप क्रोझिअरला गेलेल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड या तिघांचे हाल मुख्यतः याच कारणाने झाले. त्यांपैकी एकाची झोपण्याची पिशवी निघताना सुमारे ८ किलोची होती, ती पाच आठवड्यांनी परतताना २० किलोंच्या वर गेली होती. एका सकाळी तंबूबाहेर पडून मान वर करून पाहिले तोच कपडे गोठले, आणि त्या माणसाला चार तास तशाच वर केलेल्या मानेने बर्फावरची घसरगाडी ओढावी लागली. तुम्ही गोठलेल्या कपड्याची नुसती ऊब कमी करत असाल, तर त्याच्या ताठरपणाचाही विचार करा.

मात्र गोठणे हा केवळ तोटा नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इनुइट लोक कॅरिबूच्या, म्हणजे तिथल्या रेनडिअर हरणाच्या, कातड्याचे दोन थर घालतात, आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. घरात शिरण्यापूर्वी खास त्यासाठी केलेल्या दांडक्याने कपडे झोडपून हिम काढून टाकण्याची त्यांची रीत आहे. गोठलेले पाणी वितळवून त्याची वाफ करायला ग्रॅममागे सुमारे २.८ किलोज्यूल लागतात, झोडपायला काहीच लागत नाही. म्हणून कडक थंडीत बाहेरचा थर मुद्दाम गोठू देऊन झोडपणे हे आगीपुढे वाळवण्यापेक्षा स्वस्त पडते. जळण कमी असलेल्या तुमच्या खेळात ही युक्ती खेळाडूच्या हाती जरूर द्या.

बर्फ फुटून पाण्यात पडण्याबद्दल एवढेच सांगतो की तिथे घाई करू नका. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी सांगितलेला ‘एक-दहा-एक’ हा ठोकताळा वापरा : श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची दहा मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. पडल्याक्षणी मृत्यूकडे धावणारा काटा खोटा आहे.

सोंगटी

मी खेळांसाठीच आज्ञावली लिहिते, म्हणून थोडा विरोधाचा सूर लावते. वरचे सगळे खरे आहे आणि सगळेच आणले तर खेळाडू दुसऱ्या दिवशी खेळ बंद करेल.

आतल्या बाजूला हिशेब नेमका ठेवा. डोके, धड, हात, पाय आणि पावले हे पाच भाग, प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन थर, आणि प्रत्येक थराला दोनच संख्या : पाण्याचे ग्रॅम आणि हिमाचे ग्रॅम. खेळातल्या दर मिनिटाला पाणी लगतच्या कोरड्या थराकडे थोडे सरकवा, शून्याखालच्या थरात त्याचे हिम करा, आणि आग किंवा शरीर जेवढी उष्णता देईल तेवढे उडवा. पंधरा थरांचा हा हिशेब कोणत्याही साध्या संगणकाला जड नाही.

पडद्यावर मात्र एकही आकडा दाखवू नका. आपल्या भाषेत ओलेपणाच्या पायऱ्या आधीच आहेत : सादळलेला, ओलसर, ओला, चिंब, निथळणारा. खेळाडूने कपडा चाचपला की यांतला एक शब्द यावा. त्यातही गंमत अशी, की बोटे बधिर झाली असतील तर सादळलेला आणि ओलसर यांतला फरक पात्राला कळू नये, दोन्हीला ‘गार लागते’ एवढेच यावे. प्रत्यक्षातही तसेच होते, गार कापड आणि ओले कापड बधिर हाताला सारखेच लागते. गळ्यातून निघणारी वाफ, पाठीवर धरलेले पांढरे हिम, गोठलेल्या बाहीचा कडकड आवाज, एवढ्यावर खेळाडू दोन दिवसांत शिकतो.

नायलॉन, पॉलिएस्टर, सुती यांचे टक्के मी गाळून टाकीन. गावातून निघालेल्या नायिकेकडे लोकरी गोंचा, गमबूट, लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि कोणा पाहुण्याने मागे ठेवलेले एक पिसांचे जाकीट असले तरी पुरे. जाकीट कधी घालायचे आणि कधी पिशवीत जपायचे, एवढ्या एका प्रश्नावर अख्खा खेळ उभा राहू शकतो.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस आम्ही ग्रॅमचा हिशेब बसवत होतो आणि काल रात्री तीन जणांना तो खेळायला दिला. घाम आणि मधली चाल एवढेच सध्या घातले आहे, हिम अजून बसवायचे आहे.

पहिल्या दोघांची पाठ दुपारपर्यंत भिजली आणि गुहेत त्यांची लाकडे मध्यरात्रीच संपली. तिसरीने मात्र चढाच्या पायथ्याशी थांबून गोंच्याचा गळा मोकळा केला, जाकीट पिशवीत ठेवले आणि वर पोहोचल्यावर आधी जाकीट चढवून मग ओझे उतरवले. तिला हे कोणी सांगितले नव्हते. सकाळच्या चढावर तिचा आतला थर एकदा भिजला होता, त्यावरून तिने ओळखले.

भोजपत्र यांनी बधिर बोटांचा उल्लेख केला त्यावरून आम्ही एक गोष्ट नव्याने ठरवली आहे. गोंच्याच्या कमरपट्ट्याची गाठ सोडायला लागणारा वेळ आता हातांच्या तापमानावर अवलंबून असेल. हात फार गारठले तर गाठ सुटणारच नाही आणि आधी हात काखेत धरून बसावे लागेल. किती तापमानाला बोटे निकामी होतात असे धरावे, हे उत्तररेषा यांनी सांगितले तर आज रात्रीच तो आकडा घालतो.

उत्तररेषा

बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामे झपाट्याने अवघड होत जातात, आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्श जवळजवळ जातो. गाठीचा वेळ १५ पासून वाढवत न्या आणि ८ ला गाठ बंद करा. हात काखेत धरल्यावर बोटे परत तापायला बराच वेळ लागतो आणि रक्त परतताना ती ठणकतात. तो वेळ कमी करू नका.